पंच्याहत्तर रुपये महिना, वीस वर्षं

आमच्या दादाच्या मुलीची फर्ग्युसनला बीएला अॅडमिशन झाली. लिस्टमध्ये नाव दिसलं तेव्हा कराडला घरी पेढे वाटले आणि माझ्याकडे पुण्यात फोनवर फोन, कारण मी पण तिथलीच, मीही कराडवरून बॅग घेऊन एसटीनं स्वारगेटला उतरले होते आणि रिक्षावाल्याला काय सांगायचं ते कळेना म्हणून नुसतं "एफशी" म्हणाले होते. त्यालाही आता पंचवीसेक वर्षं होत आली. भाचीला कॅम्पस दाखवायला घेऊन गेले तर गेटमधून आत शिरल्या शिरल्या तिनं विचारलं, आत्या, हा फर्ग्युसन कोण होता गं?

इतकी वर्षं तिथं शिकून, त्या नावाचा टीशर्ट घालून फिरून मला कुणी हे विचारलं नव्हतं आणि मी पण कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिला जे जे सांगितलं आणि घरी येऊन पुस्तकं काढून परत वाचलं, ते सगळं इथं लिहून ठेवते.

तर जेम्स फर्ग्युसन हे मुंबईचे गव्हर्नर. त्यांनी कॉलेजला देणगी दिली म्हणून त्यांचं नाव. पण कॉलेज काढलं ते पंचविशी-तिशीतल्या पोरांनी, आणि त्यांना सरकारी नोकरी नको होती हीच खरी गोष्ट आहे. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, माधवराव नामजोशी, मग वामन शिवराम आपटे आणि आगरकर. पुढच्याच वर्षी केसरी आणि मराठा. १८८२ मध्ये चिपळूणकर गेले, बत्तिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघं डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस. म्हणजे शाळा सुरू होऊन तीन वर्षं नाहीत तोवर एक संस्थापक वारलेला आणि दोन तुरुंगात. तरी शाळा बंद पडली नाही. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला कॉलेज. उद्घाटनाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल वर्डस्वर्थ आले होते, त्या इंग्रज कवी वर्डस्वर्थचे नातू. कॉलेज तेव्हा पेठांतल्या वाड्यांत भरायचं. बिल्डिंग नाही, ग्राउंड नाही, काही नाही.

गव्हर्नरचं नाव द्यायचं, संस्थानिकांकडून वर्गणी घ्यायची, वेडरबर्नसारख्या भल्या इंग्रजांना सोबत घ्यायचं, पण शिकवणार आपण आणि कारभार पण आपणच बघणार, हा त्यांचा हिशोब होता. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. सरकारी कॉलेजात भारतीय माणूस प्रिन्सिपल होणं त्या काळात जवळपास अशक्य, आणि इथं पहिल्या दिवसापासून प्रिन्सिपल आपटे, तेच ते संस्कृत-इंग्रजी डिक्शनरीवाले आपटे, आणि वय वर्षं सव्वीस-सत्तावीस.

आता मुख्य मुद्दा. सोसायटीत आजीव सदस्य म्हणून ज्यांना यायचं त्यांनी वीस वर्षं नोकरी करायची लेखी हमी द्यायची. पगार महिना ७५ रुपये. बस. यातले बरेचजण एमए, बीए झालेले, तेव्हा बीए झालेला माणूस सरकारात गेला तर कुठच्या कुठं जायचा. हे सांगत होते तेवढ्यात भाचीनं मोबाइलवर हिशोब केला, पंच्याहत्तर गुणिले बारा गुणिले वीस. म्हणाली, आत्या, अठरा हजार. सगळ्या वीस वर्षांचे मिळून अठरा हजार. आणि मोबाइल तसाच हातात धरून मुख्य बिल्डिंगकडे बघत उभी राहिली.

आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र तुम्ही शाळेत ऐकलं असेल. मुलगा एमए होतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल असं आईला वाटत असताना त्यांनी कळवलं की मला संपत्तीची हाव नाही, पोटापुरतं मिळालं की बाकी सगळा वेळ लोकांच्या कामासाठी घालवणार. आमच्याकडे हे पत्र जरा जास्तच जवळचं, कारण आगरकर टेंभूचे. कराडच्या बाजूला कुणाला टेंभू म्हणा, तो आधी टेंभूची उपसा सिंचन योजना सांगेल, पाणी कुठपर्यंत गेलं, कुठं अडलं. पण माझे वडील शाळामास्तर, ते आम्हाला लहानपणी तिकडून जाताना दर वेळी सांगायचे, हे आगरकरांचं गाव. एकच सदरा होता त्यांच्याकडे, रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजला. वडिलांचा आवाज हे सांगताना बारीक व्हायचा. मी फर्ग्युसनला जायचं ठरवलं त्यात त्या सदऱ्याचा फार मोठा वाटा आहे.

टिळक आणि आगरकरांचं पुढं जे झालं ते सगळ्यांना माहीत असतं पण बहुतेक जण ते टिळकांचा केसरी आणि आगरकरांचा सुधारक एवढ्यावरच सांगतात, आधी राजकीय की आधी सामाजिक. ते तर होतंच. पण भांडण सोसायटीच्या आत, रोजच्या व्यवहारावरून पण होतं. आजीव सदस्यांनी बाहेरचं काम करून पैसे मिळवावेत का, बाहेरच्या संस्थांची कामं अंगावर घ्यावीत का. टिळकांचं म्हणणं, एकदा वाहून घेतलं की पूर्ण वाहून घ्यायचं, जेझुइट पाद्र्यांसारखं. बाकीच्यांना संसार होते, ७५ मध्ये भागत नव्हतं. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून ते वाचताना जास्त त्रास होतो. १८९० च्या शेवटी टिळकांनी राजीनामा दिला. स्वतः उभं केलेलं घर सोडून माणूस निघून गेला.

आता गंमत बघा. टिळक गणित शिकवायचे. ते गेल्यावर गणिताला माणूस हवा. गोखल्यांनी मुंबईला आपल्या एल्फिन्स्टनच्या सोबत्याला पत्र टाकलं की तू ये. तो सोबती म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसनला आले, आणि दोनच वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. आज वाचताना एका ओळीत संपतं, पण तेव्हा मुरुडला गावानं कर्व्यांवर बहिष्कार टाकला, त्यांच्या आईला आपल्याच मुलाला आपल्याच घरात घेता येईना. असा माणूस ज्या कॉलेजात रोज पोरांना शिकवतोय त्या कॉलेजात आपला मुलगा पाठवायचा का हा प्रश्न पुण्यातल्या घराघरांत निघाला असणारच.

प्रिन्सिपल कोण होते तेव्हा? आगरकर. १८९२ ला आपटे अचानक गेले आणि आगरकर प्रिन्सिपल झाले, सुधारक चालवतच. म्हणजे बालविवाहाविरुद्ध, केशवपनाविरुद्ध दर आठवड्याला लिहिणारा माणूस कॉलेजच्या खुर्चीत, आणि पुनर्विवाह केलेला माणूस गणिताच्या वर्गात. कर्वे तिथं १९१४ पर्यंत शिकवत राहिले. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यालय, या सगळ्याची सुरुवात फर्ग्युसनच्या गणिताच्या पगारावर झाली. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि मग हिंगण्याला चालत. आज कर्वे पुतळ्यापर्यंत दुचाकीवरून जाताना आपण ट्रॅफिकवर वैतागतो, तेव्हा तिथं रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखलच चिखल.

पुरोगामी कॉलेज, प्रोग्रेसिव्ह कॉलेज हे शब्द आता माहितीपत्रकात सर्रास असतात. मी त्याची परीक्षा एकाच गोष्टीवरून करते, गाव ज्याला शिव्या देतंय त्या शिक्षकाला कॉलेजनं ठेवलं की घालवलं. १८९३ मध्ये फर्ग्युसननं ठेवलं. एवढ्यासाठी मी त्या दगडी बिल्डिंगसमोर आजही हात जोडते.

आगरकरांचं काय झालं तेही लिहायलाच हवं. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. दमा होता. प्रिन्सिपल म्हणून तीन वर्षंसुद्धा पुरी मिळाली नाहीत. १७ जून १८९५ ला गेले, एकोणचाळिसावं पुरं व्हायला महिना कमी. आपल्या मागं कुणी येईल न येईल म्हणून अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच एका पुडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. भाचीला हे सांगताना मला नीट बोलता येईना, आम्ही दोघी तिथंच कट्ट्यावर बसलो थोडा वेळ.

त्याच १८९५ साली कॉलेज पेठेतून निघून नदीपलीकडे चतुःश्रृंगीच्या रस्त्याला आलं. आताची ती लाल कौलांची, कमानींची मुख्य बिल्डिंग. लकडी पुलापलीकडे तेव्हा वस्ती म्हणावी अशी नव्हतीच, माळ आणि टेकडी. इतक्या लांब कॉलेज नेताय, पोरं येणार कशी, असं लोकांना वाटलं असेल तर नवल नाही. बिल्डिंगसाठी पैसे जमवायला सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून गोखले सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरले. हे तेच गोखले जे विसाव्या वर्षी आजीव सदस्य झाले, गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, कॉलेजला जे लागेल ते शिकवायचे, म्हणून त्यांना 'प्रोफेसर टू ऑर्डर' म्हणत. आज ज्या रस्त्याला आपण एफसी रोड म्हणतो, खरेदीला जातो, वैशालीत तासभर नंबर लावतो, त्याचं खरं नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे.

आणि मग रँग्लर परांजपे. मुर्डीचे, दापोलीकडचे, कर्व्यांच्या नात्यातले. फर्ग्युसनला शिकले, स्कॉलरशिपवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, आणि असा मान मिळवणारा पहिला भारतीय. देशभर सत्कार. त्यांना कुठंही काहीही मिळालं असतं. पण जाण्याआधी शब्द दिला होता, तो पाळला, १९०२ मध्ये परत येऊन त्याच तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनचे प्रिन्सिपल झाले आणि वीसेक वर्षं राहिले. कॉलेज खऱ्या अर्थानं वाढलं ते या काळात, विद्यार्थी वाढले, हॉस्टेलं झाली, सायन्सचे विषय वाढले. स्वतः उघड नास्तिक माणूस, आणि ते त्या पुण्यात!

पण इथं एक गोष्ट मी लपवणार नाही. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून याच परांजप्यांनी सावरकरांना १० रुपये दंड केला आणि हॉस्टेलमधून काढलं. केसरीनं कडाडून टीका केली. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल माझं मत काहीही असो, बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कपडे जाळले म्हणून हॉस्टेलबाहेर काढणं मला पटत नाही. कॉलेजला सरकारी ग्रँट होती, युनिव्हर्सिटी मुंबईची, प्रिन्सिपलला कॉलेज वाचवायचं होतं हे समजतं. तरी नाही पटत. त्या हॉस्टेलची ती खोली आता जपून ठेवली आहे, बाहेर पाटी आहे, सावरकर जयंतीला लोक बघायला येतात. ज्या खोलीतून घालवलं तीच आता दाखवतात.

वाढीचा विषय निघाला की लोक बिल्डिंगा मोजतात. तेही सांगते पटकन. सोसायटीनं १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढलं, सांगली आणि मिरजेच्या मध्ये विश्रामबागला, आमच्या भागातल्या किती पोरापोरींना त्यामुळं पुण्याला न जाता शिकता आलं, माझी मावशी त्यातलीच. पुण्यात १९४३ मध्ये बीएमसीसी, कॉमर्ससाठी. पुढं मुंबईत दादरला कीर्ती कॉलेज, सांगलीत चिंतामणराव कॉमर्स कॉलेज. आजूबाजूला पण बघा ना, माळावर आधी फर्ग्युसन आलं आणि मग त्याच पट्ट्यात भांडारकर इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात त्यातलं अर्धं अधिक माहेर नदीच्या या काठावर वसलेलं आहे.

पण मला वाढ दिसते ती माणसांत. धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. गोव्यातला माणूस, ज्ञानासाठी घर सोडून निघाला, श्रीलंकेपर्यंत जाऊन बौद्ध भिक्खूंकडे पाली शिकला. आणि १९१२ मध्ये फर्ग्युसनमध्ये पालीचा वर्ग उघडला गेला, शिकवायला धर्मानंद. ब्राह्मण्याचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या शहरात बुद्धाची भाषा, आणि तीही कॉलेजच्या टाइमटेबलमध्ये. पुढं तीसच्या दशकात त्यांचा मुलगा दामोदर कोसंबी तिथंच गणित शिकवायला आला आणि गणित शिकवता शिकवता जुनी नाणी तोलायला लागला, एकेका नाण्याचं वजन, ते हातोहात फिरून किती झिजलं, त्यावरून किती वर्षं वापरात असेल. गणिताच्या मास्तरानं इतिहास लिहायची रीत बदलली.

लिबरल आर्ट्स म्हणून आता जे कोर्स निघालेत, लाखांत फी असते, त्यांच्या जाहिरातीत असतं की आमच्याकडे विषयांच्या भिंती नाहीत. मुलांना ते मिळतंय याचा मला आनंदच आहे. पण आमच्याकडे गोखले गणित आणि इतिहास दोन्ही शिकवत होते, कोसंबी गणितातून नाण्यांत गेले, आणि त्याला काही वेगळं नाव नव्हतं. इरावती कर्व्यांचं पण तेच. जन्म ब्रह्मदेशातला, लहानपणी शिकायला पुण्याला पाठवलं, परांजप्यांच्या घरी वाढल्या, फर्ग्युसनला तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये बीए, मग बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्र. कर्व्यांच्याच घरात सून म्हणून आल्या, नवरा दिनकर कर्वे, केमिस्ट्रीचे, पुढं फर्ग्युसनचे प्रिन्सिपल. ज्या घराला मुरुडनं वाळीत टाकलं त्या घरातला मुलगा त्या खुर्चीत बसला!

मी शिकले तेव्हा हे सगळं कुणी एका जागी बसवून सांगितलं नव्हतं. वाडिया लायब्ररीत उंच खिडकीखाली बसून वाचायचे, दुपारी उन्हाची पट्टी टेबलावरून सरकत वहीवर यायची, आणि मला वाटायचं की इथं मी चुकून आलेय. इंग्रजी यायचं नाही धड. वर्गात प्रश्न मनात असायचा पण तोंड उघडायचं नाही. तत्त्वज्ञानाच्या आमच्या एक मॅडम होत्या, त्यांनी एकदा ट्युटोरियल परत देताना माझ्या वहीवर मराठीत लिहिलं होतं, "मराठीत विचारलंत तरी चालेल, पण विचारा." ती वही अजून आहे माझ्याकडे. भाचीला दाखवली तर तिनं फोटो काढून घेतला.

आता कॉलेज ऑटोनॉमस आहे, स्वतःचा सिलॅबस स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं. १८८५ च्या पोरांना जे हवं होतं, की आपलं आपण ठरवायचं, ते असं सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर हातात आलं. मला खूप आशा आहे त्याबद्दल आणि काळजी पण आहे, कारण आपलं आपण ठरवायचं म्हटलं की कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं हेही आपणच ठरवायचं असतं.

संध्याकाळी आम्ही मागच्या टेकडीवर गेलो. १२ जून १९०५ ला याच टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाच्या पहिल्या सदस्यांना शपथ दिली. तिथं एक छोटा दगडी स्तंभ आहे, फिरायला येणारे त्याच्या बाजूनं रोज जातात. पावसाची भुरभुर होती, दगड ओला, अक्षरं वाचायला भाचीनं तळहातानं पाणी पुसलं. खाली कॉलेजची कौलं दिसत होती आणि त्यापलीकडे सगळं शहर.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आत्या, मी आज वीस वर्षांची सही केली तर सुटेन तेव्हा अडतीस वर्षांची असेन.

मी काही बोलले नाही. पाऊस वाढला, तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि आम्ही एकमेकींचा हात धरून उतरायला लागलो.